कलम तिसावं आणि जतची शाळा

माझा थोरला भाऊ कर्नाटकातल्या बेळगाव परिसरात मराठी माध्यमाच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. माझी लेक पुण्यात वकिली करते आणि प्रवेशाच्या दिवसांत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीईच्या) पंचवीस टक्के जागांसाठी अर्ज भरणाऱ्या पालकांना मदत करते. मामा-भाचीचं एरवी छान जमतं. राज्यघटनेच्या २९ आणि ३० व्या कलमांचा विषय निघाला की मात्र दोघंही हट्टाला पेटतात. कलम २९ नागरिकांच्या कोणत्याही समूहाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क देतं. कलम ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. मामाच्या लेखी हा शेवटचा आधार आहे, भाचीच्या लेखी ती संस्थाचालकांची ढाल आहे. परवा हा वाद पुन्हा रंगला. त्यातलं जे सर्वांनी ऐकावं असं वाटलं ते इथे देते आहे. मधूनमधून मीही बोलले आहे.

लेक : मामा, कलम ३० म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तुमची शाळा येते. माझ्या डोळ्यांसमोर एक बाई येते. चार घरची धुणीभांडी करते, मुलाचं नाव सोडतीत घालायला माझ्याकडे आली होती. घरापासून हाकेच्या अंतरावर चांगली शाळा आहे, पण अर्जातल्या यादीत ती शाळाच नाही. कारण काय, तर अल्पसंख्याक दर्जा. आत जाऊन बघा : माध्यम इंग्रजी, फी तिच्या वर्षाच्या कमाईएवढी, आणि वर्गातली बहुतेक मुलं त्या समाजाची नाहीतच. कुठली भाषा आणि कुठली संस्कृती तिथे जपली जाते, ते मला सांगा.

मामा : एका शाळेवरून कलमाची परीक्षा करू नकोस.

लेक : एका शाळेवरून नाही करत. २०१४ मध्ये प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायदा लागूच होत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२१ मध्ये अशा शाळांचा अभ्यास मांडला. त्यात ६२ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाबाहेरचे निघाले, आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घटकांतली मुलं ९ टक्केसुद्धा नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमतीचा निकाल बरोबर होता का, अशी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलं. त्या प्रकरणांत महाराष्ट्रातलं प्रकरणही होतं. म्हणजे हा काही माझ्या एकटीचा राग नाही.

मामा : दर्जाच्या दाखल्याआड धंदा करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. केरळच्या शिक्षण विधेयकावर १९५८ मध्ये न्यायालयानं मत दिलं तेव्हाच सांगितलं होतं की, संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. शिक्षकाची पात्रता, मुलांची सुरक्षितता, हिशेब, हे सगळं सरकारनं बघावंच. गरीब मुलाला जागा द्यायला लावली म्हणून कुणाची भाषा बुडत नाही, हेही मला मान्य. पण तू कलमाकडे पुण्यातून बघतेस. पुण्यात मराठी माणसाला या कलमाची गरज पडत नाही. शिनोळी बघितली आहेस ना? चंदगड तालुक्यातलं गाव, महाराष्ट्रात. तिथला माणूस बेळगावला बाजारहाट करायला येतो. तासाभराच्या आत तो बहुसंख्याकाचा अल्पसंख्याक होतो आणि संध्याकाळी घरी गेला की पुन्हा बहुसंख्याक. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं हेच ठरवलं की अल्पसंख्याक कोण, ते राज्य हा घटक धरून ठरेल, देश धरून नव्हे.

लेक : ते मी शिकले आहे, मामा.

मामा : शिकलीस, पण तुला ते भोगावं लागलं नाही. हे कलम लिहिताना बाबासाहेबांनी कुणाचं उदाहरण दिलं होतं, आठवतं?

इथे मला थांबून ते सांगायलाच हवं, कारण मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. ८ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमाच्या मसुद्यावर चर्चा चालली होती. मसुद्यातला 'अल्पसंख्याक' हा शब्द काढून तिथे नागरिकांचा कोणताही समूह अशी रचना का केली, याचा खुलासा डॉ. आंबेडकर करत होते. त्यांनी दोन उदाहरणं घेतली. मद्रासकडची माणसं मुंबईत येऊन राहिली, तर रूढ अर्थानं ती अल्पसंख्याक नसतील, पण त्यांची भाषा-संस्कृती तिथे वेगळी असणार. तसंच महाराष्ट्रातली माणसं बंगालमध्ये जाऊन राहिली, तर त्यांचंही तेच होणार. म्हणजे परप्रांतातला मराठी माणूस या कलमाच्या जन्मापासून त्याच्या आत आहे. अल्पसंख्याकांचे हक्क म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या मनात फक्त दुसऱ्या धर्माचा माणूस येतो. त्यांनी हा खुलासा एकदा जरूर वाचावा.

लेक : मग त्याच दिवशीचं पुढचंही सांग ना, आई. झेड. एच. लारी यांनी दुरुस्ती मांडली होती की, अशा समूहाच्या मुलांना त्यांच्या भाषेतून आणि लिपीतून प्राथमिक शिक्षण मिळण्याचा हक्क असावा. सभेनं ती फेटाळली. म्हणजे घटनाकारांनी ढवळाढवळ न करण्याचं वचन दिलं. शाळा चालवून देण्याचं, शिक्षक देण्याचं वचन दिलंच नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे, जमीन आहे, त्यांनी संस्था काढाव्यात आणि कलम त्यांचं रक्षण करेल. ज्यांच्याकडे काहीच नाही त्या भाषिक अल्पसंख्याकाला या कलमाचा काय उपयोग? म्हणून म्हणते, हा हक्क संस्थेचा आहे, मुलाचा नाही.

मामा : हे तू बरोबर बोललीस. त्यासाठीच पुढे राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० (क) आणि ३५० (ख) ही कलमं आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं आणि स्थानिक संस्थेनं करावा, आणि सगळ्यावर नजर ठेवायला राष्ट्रपतींनी एक अधिकारी नेमावा. तो आयुक्त नेमलाही, १९५७ मध्ये. अलाहाबादला मुख्यालय होतं, आणि विभागीय कार्यालयांपैकी एक आमच्या बेळगावात. त्या कार्यालयाला अर्ज लिहून लिहून आमच्या पिढीची पेनं झिजली.

लेक : आणि उपयोग?

मामा : अहवालात नोंद व्हायची.

लेक : बघा!

मामा : नोंद म्हणजे अगदीच काही नाही, असं नसतं गं. न्यायालयात उभं राहताना नोंद लागते. १९८२ चं गोकाक आंदोलन तुझ्या जन्माआधीचं. राजकुमारांसारखा कन्नड नट रस्त्यावर उतरला, कन्नड ही एकमेव प्रथम भाषा हवी म्हणून. कन्नड लोकांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं दुःखही खोटं नव्हतं. त्यांच्याच राज्यात त्यांची भाषा मागे पडत होती. पण सरकारनं जो आदेश काढला त्यात आमचं सहा वर्षांचं पोरही आलं. घरी मराठी, गल्लीत मराठी, आणि शाळेच्या पहिल्या दिवसापासून कन्नड सक्तीची. १९८६ च्या जूनमध्ये बेळगावात आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली. पण आदेश टिकला नाही तो कशामुळे? १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सांगितलं की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांवर पहिलीपासून कन्नडची सक्ती आणि माध्यमिक शाळेत तीच एक प्रथम भाषा, हे घटनेच्या कलम १४, २९ आणि ३० च्या विरुद्ध आहे. बंगळुरूचंच न्यायालय. निकाल देताना त्यांनी आमची भाषा पाहिली नाही, कलम पाहिलं. ही ढाल कुणाची होती, सांग. कुठल्या संस्थाचालकाची?

यावर लेक क्षणभर थांबली. पण ती वकील आहे. तिनं दुसऱ्या बाजूनं पकडलं.

लेक : ठीक. आता कर्नाटकाच्या जागी महाराष्ट्र ठेवा. मुंबईतल्या गुजराती शाळांनी पाचवीपासून सक्तीच्या मराठीला आव्हान दिलं होतं. उषा मेहता खटला, २००४. सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कातून राज्याची भाषा न शिकण्याचा हक्क निघत नाही, असं म्हटलं. तेव्हा आपण सगळ्यांनी त्या निकालाचं स्वागतच केलं. २०२० मध्ये महाराष्ट्रानं सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला, त्याचंही केलं. कर्नाटकानं २०१५ मध्ये कन्नडसाठी तसाच कायदा केला तर तो जुलूम, आणि आपण केला तर भाषाप्रेम?

मामा : मी कन्नड शिकण्याच्या विरोधात कधीच नव्हतो. मला कन्नड उत्तम येतं, वाचताही येतं. द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, आणि कन्नडचे मोठे कवी म्हणून १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. शिवाय मराठीतही त्यांनी लिहिलं. जी. ए. कुलकर्णी धारवाडात बसून मराठी कथा लिहीत राहिले. आमच्याकडे दोन भाषा अंगवळणी असतात. प्रश्न कधी आणि कशाच्या बदल्यात, एवढाच आहे. पाचवीत राज्याची भाषा एक विषय म्हणून शिकवा. पण पहिलीतल्या मुलाची जी एकच भाषा आहे तिच्या जागी दुसरी बसवू नका. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचा निर्णय झाला तेव्हा तुम्ही पुण्या-मुंबईत काय बोललात? लहान मुलावर ओझं नको, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या. सरकारला जूनअखेर तो निर्णय मागे घ्यावा लागला. तुमच्या तोंडचं वाक्य न् वाक्य आम्ही १९८६ मध्ये बोललो होतो.

लेक : मग पहिलीपासून मराठीची सक्ती मुंबईतल्या तमिळ मुलावर?

मामा : तिथेही तेच म्हणेन. भाषा ऐकू द्या, बोलू द्या, गाणी शिकवा. पण परीक्षेचा बडगा पहिलीत नको. आणि त्याची स्वतःची भाषा शाळेतून काढू नका.

लेक : हे तुम्ही एखाद्या सभेत बोलून दाखवा.

मामा : बोललोय. टाळ्या पडल्या नाहीत.

मला वाटतं, इथे माझ्या भावानं जी गोष्ट सांगितली ती या सगळ्या कलमांपेक्षा अधिक बोलते. त्याच्या शाळेत एक म्हातारा शेतकरी तहसील कार्यालयाचा कागद घेऊन यायचा. जमिनीची नोटीस, सगळी कन्नडमध्ये. दादा वर्गातल्या एखाद्या मुलाला बोलवायचा आणि मोठ्यानं वाचायला सांगायचा. मुलगा अक्षरं वाचायचा, पण महसुली भाषा त्याच्याही डोक्यावरून जायची. मग दादा ओळ ओळ समजावून द्यायचा आणि हरकतीचा अर्ज मराठीत लिहून द्यायचा, कारण कलम ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. अर्ज मराठीत घ्यावाच लागतो, पण उत्तर कन्नडमध्ये येतं. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात, हे मुख्यमंत्र्यांच्या १९६१ च्या परिषदेत मान्य झालेलं आहे. बेळगाव तालुक्यात मराठी माणसं त्याच्या कितीतरी वर आहेत. मराठीतून कागद द्या, ही मागणी अजून चालूच आहे.

लेक : हा अन्यायच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मामा, तुमच्या शाळेचा पट का कमी झाला? तो कन्नडमुळे कमी झाला का?

मामा : नाही. इंग्रजीमुळे.

लेक : मग ऐका. १९५४ मध्ये मुंबई सरकारनं परिपत्रक काढलं की इंग्रजी माध्यमाच्या शाळांत फक्त अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाची मुलं घ्यायची, बाकीच्यांना घ्यायचं नाही. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि परिपत्रक रद्द झालं. तिथून पुढे बघा. ६ मे २०१४. त्या एका दिवशी पाच न्यायमूर्तींच्या एकाच पीठानं दोन निकाल दिले. एक प्रमतीचा, अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून सूट देणारा. दुसरा कर्नाटकाचा. पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधून शिकवण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा आणि त्याच्या वतीनं पालकाचा, असं सांगणारा. कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही निकालांच्या बाजूनं बोलता येईल. पण दोन्हींचा फायदा कुणाला झाला? इंग्रजी शाळांना. भाषा वाचवायच्या म्हणून आणलेल्या कलमांच्या सावलीत कुठलीच भारतीय भाषा वाढली नाही. म्हणून मला या कलमांवर विसंबणं भाबडं वाटतं.

मामा : देवळालीच्या निकालात मला वाईट काही दिसत नाही. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत भाषेवरून मूल नाकारायचं नाही, हे कलम २९ चं दुसरं अंग आहे. उद्या आमच्या पोराला कुठल्या शाळेनं मराठी म्हणून नाकारलं तर तेच अंग कामाला येईल. बाकीचं तू म्हणतेस ते खरं आहे. घटना शाळेचं दार बंद करू देत नाही. पण त्या दारातून आपलं मूल पाठवायचं की नाही, ते आईबापांनी ठरवायचं असतं. सीमाप्रश्नाच्या मोर्चात पुढे चालणाऱ्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत, हे मी मुख्याध्यापक म्हणून जवळून पाहिलं आहे. एकेक तुकडी बंद झाली. त्याचा दोष मी बंगळुरूला देणार नाही.

अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचा विषयही ओघात निघाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी १९६७ चा अझीझ बाशा निकाल मोडीत काढला. संस्था कायद्यानं अस्तित्वात आली एवढ्यावरून तिचा अल्पसंख्याक दर्जा जात नाही, ती कुणी आणि कशासाठी उभी केली ते पाहावं, असं बहुमतानं सांगितलं. यावर दोघांचं फारसं भांडण झालं नाही, म्हणून मीही तो लांबवत नाही. मला बोलायचं होतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. मी त्यांना जतबद्दल विचारलं.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात आणि सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. बालभारती त्यांच्यासाठी कन्नड पुस्तकं छापते. कर्नाटक सरकारही आपल्या मराठी शाळांसाठी मराठी पुस्तकं छापतं. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या गावांवर हक्क सांगणारं विधान केलं, तेव्हा महाराष्ट्रात चार दिवस संताप झाला. तिथल्या लोकांची मुख्य तक्रार पाण्याची होती, त्याचीही चर्चा झाली. तिथल्या शाळांची मात्र झाली नाही. कन्नड शाळेत कन्नड येणारा शिक्षक आहे का, संच मान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकसंख्या ठरवताना, पट कमी दिसला की जाणारा शिक्षक कन्नडचा असतो का, सातवीनंतर त्या मुलानं कुठे जायचं, हे प्रश्न आमच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर कधी आले नाहीत.

मामा : जतच्या शाळेला कन्नड न येणारा शिक्षक दिला, तर बेळगावसाठी मी कुठल्या तोंडानं बोलू?

लेक : हेच तर मी म्हणते आहे. कलम बहुसंख्याकाच्या हातात असतं. तो कलमाच्या बाजूनं उभा राहिला तरच ते चालतं.

मामा : आणि तो उभा राहिला नाही तर न्यायालयात जायला निदान कलम असतं. ते तुला नको होतं.

लेक : नको असं नव्हे. ते मुलाच्या नावानं लिहिलेलं हवं होतं.

दोघांपैकी कुणी माघार घेतली नाही, आणि घ्यावी असं मला वाटतही नाही. लेकीचं म्हणणं मला पटतं : अल्पसंख्याक दर्जा घेणाऱ्या संस्थेनं ती भाषा शिकवली पाहिजे, त्या समाजातली गरीब मुलं घेतली पाहिजेत, आणि तसं नसेल तर तिला सवलत कशासाठी, हे विचारण्याचा अधिकार सर्वांना हवा. दादाचंही पटतं : त्या कलमांविना १९८९ चा निकाल लागला नसता. पण दोघांच्या बोलण्यातून माझ्यापुरता जो निष्कर्ष निघाला तो महाराष्ट्रातल्या मराठी माणसाबद्दल आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात सुमारे ६९ टक्के लोकांची मातृभाषा मराठी आहे. उरलेल्यांच्या शाळांचं काय होतं, याला आपणच जबाबदार आहोत. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो कधी लागेल तेव्हा लागो. तोपर्यंत बेळगावातल्या मराठी मुलाचं शिक्षण ज्या कलमांवर उभं आहे, त्याच कलमांवर जतमधल्या कन्नड मुलाचं, सोलापुरातल्या तेलुगू मुलाचं आणि मालेगावातल्या उर्दू शाळेतल्या मुलीचंही उभं आहे.

बेळगावच्या बाजूनं बोलणाऱ्या प्रत्येक मराठी संघटनेला माझी विनंती आहे. आपल्या पुढच्या निवेदनात एक मागणी वाढवा : महाराष्ट्रातल्या प्रत्येक कन्नड शाळेत कन्नड जाणणारा, पूर्णवेळ शिक्षक नेमावा, आणि त्या भागातल्या तहसील कार्यालयाच्या सूचना कन्नडमध्येही निघाव्यात. बंगळुरूला आपण जे मागतो तेवढंच हे आहे. मुंबईत मंत्रालयाकडे ते मागायला कुठल्या न्यायालयाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.